जोडफोटोवालीचा बिबट्या

"लग्नाचा कॅमेरा घेऊन बिबट्या काढायला निघालीस?" आमच्या ह्यांनी विचारलं. दुसरा कॅमेरा होता कुठे दुकानात! एक तो दोन भिंगांचा, गळ्यात अडकवून वरून आत डोकावायचा, आणि दुसरा पासपोर्ट फोटोंचा, जो स्टँडवरून हलवला की आठवडाभर रुसून बसायचा. मी म्हटलं, "नवरीचा निघतो तर बिबट्याचा का नाही निघणार? तोही हळद लावल्यासारखा पिवळाच असतो." हे हसले नाहीत. लग्नाचा हंगाम तोंडावर होता आणि बायको कॅमेऱ्यासकट उसात जाऊन बसणार म्हटल्यावर कुठला नवरा हसेल? पण मला अडवायचं नाही, एवढं त्यांना लग्नाच्या पहिल्या वर्षातच कळलं होतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नाशकात मेन रोडच्या एका बोळात आमचा स्टुडिओ होता. हे बाहेर फोटो काढायचे आणि मी आत काळोख्या खोलीत ते धुवायची. रिटचिंग माझंच. बायकांच्या हळदीचे, डोहाळजेवणाचे फोटो काढायला मीच जायची. पण माझी खरी ख्याती जोडफोटोची. तेव्हा खेड्यात नवरा-बायकोचा एकत्र फोटो क्वचितच असायचा. म्हातारा गेला की मुलं कुठून तरी त्याचा एखादा फोटो शोधून आणायची, कुणाच्या वरातीच्या घोळक्यातला नाहीतर सोसायटीच्या ओळखपत्रावरचा, आणि म्हणायची, "आईशेजारी बसवून द्या." मग मी कात्रीने म्हातारा कापून काढायची, आईच्या फोटोशेजारी डकवायची, कडा ब्रशने बुजवायची, अंगात कोट नसला तर कोट रंगवायची, मागचं सगळं पांढरं करून टाकायची आणि त्या सगळ्याचा पुन्हा एक फोटो काढायची. निफाड तालुक्यातल्या कितीतरी पडव्यांमध्ये मी जोडलेले म्हातारे आजही भिंतीवर बसलेले असतील. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

मामी आली ती एका सकाळी पहिल्या एसटीने. दुकान उघडायच्या आत पायरीवर येऊन बसली होती. माझा मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. निफाडजवळच्या एका गावात, बौद्ध वस्तीत त्याचं घर. गावातल्या शेळ्या चारायचं काम बरीच वर्षं त्याच्याकडे होतं. सकाळी हाळी द्यायची, दारोदारच्या शेळ्या गोळा करायच्या, पाटाच्या कडेने न्यायच्या आणि दिवस कलला की ज्याची शेळी त्याच्या दारात सोडायची. दिवाळीनंतर शेळ्या कमी व्हायला लागल्या. आधी एक गेली, मग आणखी गेल्या, मग सरपंचांची गाभण शेळी गेली. मामा म्हणाला, उसात वाघरू हाय, मी डोळ्यानं पाह्यलं, पाटाच्या चारीच्या कडेला ठसेबी हायेत. आमच्याकडे बिबट्याला वाघरू म्हणतात. गाव हसलं. वाघरू असतं तिकडं हरसूलच्या डोंगरात. इथं द्राक्षं अन् ऊस. इथं ते काय गूळ खायला येतं?

"मग शेळ्या कुठं गेल्या?" मी विचारलं.

"म्हणत्यात पिंपळगावच्या बाजारात गेल्या," मामी म्हणाली. "यानंच इकल्या म्हणत्यात. समद्यांनी आपापल्या शेळ्या काढून घेतल्या. पोरं मागून चोर म्हणत्यात, अन् ह्यो घराबाहेर पडत नाय. भाकर पुढ्यात ठिवली तर नुसता बघत बसतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझा मामा भोळा आहे, आळशी आहे, कामाच्या वेळी झोपतो, हे सगळं मी चारचौघांत सांगेन. पण चोर? मळ्यातल्या बागाईतदाराच्या पोराच्या हातून शेळी गेली असती तर गावाने कोल्ह्याला शिव्या घातल्या असत्या. आमच्या वस्तीतल्या माणसाच्या हातून गेली की लगेच बाजारभाव आठवतो. हे मला कुणी शिकवायला नको होतं. मी त्याच दिवशी मामीबरोबर गाडीत बसले.

सरपंचांकडे माझी ओळख होती. त्यांच्या आईवडिलांचा जोडफोटो मीच केलेला, त्यामुळे त्या घरी मला बसायला पाट मिळायचा. सरपंच म्हणजे पन्नाशीचा बागाईतदार गडी, आवाज मोठा, मन तसं वाईट नाही, पण एकदा बोललेला शब्द मागे घेणं त्यांच्या घराण्यात नव्हतं. ओट्यावर पाच-दहा माणसं बसली होती.

"ताई, तुमचा मान वेगळा," ते म्हणाले. "पण तुमच्या मामाचं बोलणं आम्हाला पटत नाय."

"पायाचे ठसे होते ना चारीच्या कडेला?"

"कुत्र्याचेबी तसेच उमटत्यात."

"आणि फोटो दाखवला तर?"

सरपंचांनी आजूबाजूला पाहिलं. माणसं गालात हसत होती. "काढा की! फोटो आणा, मी तुमच्या मामाच्या दारात जाऊन टोपी काढून माफी मागतो. पण संक्रांत झाली की ऊस तोडायला टोळी येणार हाय. एकदा ऊस तुटला की मग तुमचं वाघरू कुठून आणाल?"

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" मी ओट्यावरच्या माणसांना विचारलं. "टोपी काढून. दारात जाऊन." आणि मी उठले.

मामाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "जाऊ दे ना पोरी. लोकं काय, आज बोलतील, उद्या गप बसतील."

"जाऊ कसं देऊ? तुझ्यानंतर चोराची भाची म्हणून मीच उरणार ना?"

त्यावर तो उठला आणि आडोशाला म्हणून शेजाऱ्याची बैलगाडी मागायला गेला. कितीतरी दिवसांनी तो स्वतःहून उंबऱ्याबाहेर पडला, असं मामी म्हणाली.

गाडी आम्ही सरपंचांच्या उसासमोर, चारीपलीकडे, म्हणजे शेतांना पाणी नेणाऱ्या पाटाच्या छोट्या फाट्यापलीकडे सोडून ठेवली. बैल नाहीत, नुसती गाडी, आणि तिच्यावर उसाचं वाळलेलं पाचट इतकं रचलं की आत दोन माणसं बसली तरी दिसू नयेत. समोर चारी, चारीचा बांध आणि त्याच्या मागे भिंतीसारखा ऊस. मामाने वाघरू त्याच बांधावर पाहिलं होतं.

आता थंडीचं सांगते. निफाडची थंडी ज्याने पौषात पहाटे उघड्यावर काढली नाही त्याला ती सांगून कळणार नाही. द्राक्षवाले बागांमध्ये शेकोट्या पेटवतात ते काय हौसेने? मी ह्यांचा स्वेटर, त्यावर मामीची घोंगडी आणि डोक्याला मफलर अशी बसायची, तरी बोटं अशी बधिर व्हायची की कॅमेऱ्याचा खटका कुठे आहे ते डोळ्यांनी बघावं लागायचं. भिंगावर दव धरायचं. पदराने पुसलं की पुन्हा धरायचं. फ्लॅश होता, पण तो चालू केला की आधी बारीक शीळ घालायचा, चिलटासारखी, आणि मगच पेटायला तयार व्हायचा. एकदा संध्याकाळी उसात काहीतरी सळसळलं म्हणून मी तो वापरला. उसाची पानं तेवढी लख्ख उजळली आणि जे काही होतं ते धूम पळालं. मामा म्हणाला, "डुक्कर असंल." मी त्याला डुक्कर म्हणाले. तेव्हापासून फ्लॅश घरी ठेवला आणि पहाटेच बसायचं ठरवलं, उजेड येईल तेवढ्यावर भागवायचं.

रोज बसता येत नव्हतं. दुकान होतं, हंगामाची तयारी होती. मी नाशकाहून शनिवारी शेवटच्या एसटीने यायची, रविवार-सोमवारची पहाट गाडीत काढायची आणि दुपारपर्यंत परत काळोख्या खोलीत. हे कुरकुरायचे, पण निघताना पिशवीत मुदत संपलेले दोन-तीन रोल गुपचूप टाकून ठेवायचे. "चालले तर चालले," म्हणायचे. म्हणजे माणूस मनातून माझ्याच बाजूचा.

मामा शेजारी बसायचा आणि झोपायचा. नुसता झोपायचा नाही, घोरायचा. मी कोपराने ढोसलं की दचकून "कुठंय, कुठंय?" करायचा, आणि तेवढ्याने जे यायचं होतं तेही परत जायचं. बिबट्याची वाट बघता बघता मी गावातले निम्मे पुरुष टमरेल घेऊन बांधावर येताना पाहिले. मी पाचटात तोंड लपवायची, दुसरं काय करणार? पण एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नाही. वाघरू नाहीच म्हणणाऱ्यांपैकी एकही गडी एकटा येत नव्हता. दोघंदोघं, तिघंतिघं यायचे आणि मोठमोठ्याने बोलत बसायचे. घरी जाऊन मी मामीला हे सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

संक्रांत आठवड्यावर आली. पलीकडच्या गावात ऊसतोड टोळी उतरल्याची बातमी होती. त्या पहाटे धुकं पडलं. पाटावरून ते असं सरकत आलं की ऊस दिसेनासा झाला, बांध तेवढा काळ्या पट्टीसारखा उरला. मामा गुडघ्यात डोकं घालून झोपला होता. मला वाटलं, आजचा दिवसही गेला. भिंग पुसून मी कॅमेऱ्यात डोकावले आणि बांधावर बिबट्या बसलेला होता.

कधी आला, कुठून आला, काही कळलं नाही. आवाज नाही, चाहूल नाही. मांजर उन्हाला बसतं तसा पुढचे पाय जुळवून बसला होता आणि चारीच्या पाण्याकडे बघत होता. मांडवाच्या दारापासून बोहल्यापर्यंत असेल तेवढंच अंतर. भीती वाटली का? वाटली की! पण त्याहून जास्त आनंद झाला, इतका की डोळ्यांत पाणी आलं आणि काचेवरचा बिबट्या फुटून दिसायला लागला. मग स्वतःलाच म्हटलं, रड नंतर, आधी काढ. त्या कॅमेऱ्यात डावं ते उजवं दिसतं, त्यामुळे तो हलला की मी उलटीकडे वळायची. तरी कॅमेरा गाडीच्या दांडीवर टेकवला, श्वास धरला आणि खटका दाबला. मग फिल्म गुंडाळून आणखी एक. त्या गुंडाळण्याच्या आवाजाने त्याने मान वळवून सरळ माझ्याकडे पाहिलं. मग उठला, आळस दिला आणि धुक्यात गेला. मामाला मी तेव्हा कुठे हलवलं. त्याने रिकामा बांध पाहिला आणि माझं तोंड पाहिलं. "आलं व्हतं?" म्हणाला. मी मान हलवली. त्याने माझा गार हात दोन्ही हातांत धरून ठेवला, बराच वेळ.

रोल मी स्वतः धुतला. लाल दिव्याखाली ट्रेमध्ये कागद हलवत होते आणि पाण्यातून आधी ठिपके आले, मग कान, मग पाय. अस्सा सुरेख आला होता! मान वळवलेला, डोळे माझ्यावर रोखलेले, शेपटीचं टोक वळलेलं. मागे धुकं असल्यामुळे दुसरं काहीच नाही, सगळं पांढरं. हे बघायला आले आणि "वा!" म्हणाले. मग जरा थांबून आणखी काही बोलणार होते, पण माझा चेहरा बघून गप्प बसले. तेव्हाच बोलले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी मामाला घेऊन सरपंचांच्या ओट्यावर गेले. मामाने धुतलेलं धोतर नेसलं होतं, दाढी केली होती. मी फोटो सरपंचांच्या हातात दिला. त्यांनी पाहिला, शेजारच्याला दिला. त्याने पाहिला आणि पुढे दिला. मला वाटलं, आता बोलायला तोंड उरलं नाही यांना. तेवढ्यात सरपंचांची आई बाहेर आली. म्हातारीने फोटो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, लय झ्याक जमलाय ग! कुठून कापलास?"

"आजी, कापला नाही. काढलाय. इथे, तुमच्या उसात."

"आता मला शिकवती का? माझ्या मालकाला मरून बारा वर्सं झाली व्हती, तरी तू त्यांना माझ्याशेजारी बसवलंस. अंगात कोट घालून! जन्मात त्यांनी कोट घातला न्हवता. तुला वाघरू बसवायला काय जड हाय?"

ओटा हसून हसून लोळायचा बाकी राहिला. माझ्या डोक्यामागेच, पडवीच्या भिंतीवर, तो जोडफोटो टांगलेला होता. तसाच पांढरा, तशाच स्वच्छ कडा. मी फोटोकडे पाहिलं, बिबट्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदा मलाही दिसलं. धुक्याने माझ्या बिबट्याची पाठ इतकी स्वच्छ कापली होती की मी कात्रीनेही तशी कापू शकले नसते. मी निगेटिव्ह काढून उन्हात धरलं. "हे बघा, जोड असता तर ब्रशचे फटकारे यातही दिसले असते." एकाने बघितलं आणि म्हणाला, "यात तर भूत दिसतंय." पुन्हा हशा. मी मागे वळले तर मामा तिथे नव्हता. कोपऱ्यावर तो खाली मान घालून वस्तीकडे चाललेला दिसला, धुतलेलं धोतर दोन्ही हातांनी वर धरून.

ते बघून मला जे झालं ते सांगता येत नाही. रडू येत होतं आणि कुणाचं तरी डोकं फोडावंसं वाटत होतं, दोन्ही एकदम. माझ्या हातात जी कला होती, जिच्यावर माझं घर चालत होतं, तिनेच माझ्या मामाला दुसऱ्यांदा खोटं पाडलं होतं. पण रडून भागणार नव्हतं. मी फोटो पिशवीत टाकला आणि सरपंचांसमोर उभी राहिले.

"ठीक आहे. माझा फोटो खोटा. मग सरपंच, उद्या पहाटे तुम्ही चला."

"मी? कुठं?"

"गाडीत. पाचटात. माझ्याशेजारी बसा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तुमचे डोळे तर मी जोडलेले नाहीत ना?"

आता ओटा सरपंचांकडे बघून हसायला लागला. त्यांनी टोपी सारखी केली. "मला थंडी बाधते," म्हणाले.

"वाघरू नाहीच, तर भ्यायचं कशाला?"

"भ्यालोय कोण?" त्यांचा आवाज चढला. म्हातारी मागून म्हणाली, "जा की रं! येवढी बाईमाणूस बसती अन् तुला काय होतंय?" झालं, आईने सांगितल्यावर सुटका नव्हती.

मामा यायला तयार नव्हता. "मी कशाला येऊ? मी तर पाह्यलंय," एवढंच म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. परपुरुषाबरोबर मी एकटी गाडीत बसले असते तर गावाला आणखी एक विषय मिळाला असता, म्हणून मामी आली. अशी आमची वरात निघाली. पुढे मी, मध्ये शाल-कानटोपी-बॅटरी घेतलेले सरपंच, मागे तांब्या घेतलेली मामी. कानटोपीवरून त्यांनी ती पांढरी टोपीही घातली होती, कारण टोपीशिवाय ते घराबाहेर पडत नसत.

पहिल्या पहाटे काहीच आलं नाही. एक मुंगूस आलं, सरपंच म्हणाले, "हे काय तुमचं वाघरू?" उजाडल्यावर अंगावरचं पाचट झटकत उठले. "झालं ताई. ठरलं तेवढं मी केलं."

"ते आपलं ठरलं होतं. बिबट्याला कुणी सांगितलं होतं?"

"टोळी संक्रांतीआधीच येतीये, उद्या. दुपारी ऊस तुटायला लागंल."

"दुपारी ना? मग पहाट आपलीच आहे."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की ही बाई आहे का भूत. पण दुसऱ्या पहाटे आम्ही गाडीशी पोहोचलो तेव्हा ते आधीच येऊन बसले होते. धुकं नव्हतं. आभाळ स्वच्छ होतं आणि थंडी कालच्याहून जास्त. चांगलं झुंजूमुंजू झालं आणि नेमका तेव्हा सरपंचांना खोकला आला. दाबू बघितला, दाबेना. तोंडावर शाल धरून लालेलाल झाले. मामीने न बोलता तांब्या पुढे केला. सरपंचांनी तांब्याकडे पाहिलं, मामीकडे पाहिलं. आमच्या वस्तीचं पाणी ह्या माणसाने जन्मात घेतलं नसणार. मी त्यांच्या कानाशी म्हटलं, "खोकला नाहीतर पाणी. लवकर ठरवा." त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि गटागटा प्यायले.

तांब्या खाली ठेवला आणि समोरचा ऊस हलला. वारा नव्हता. दोन उसांमधून आधी डोकं बाहेर आलं, इकडे-तिकडे बघितलं, मग सगळं जनावर बांधावर आलं. उजेड चांगला होता, अंगावरचा ठिपका न् ठिपका दिसत होता. सरपंच बॅटरी खाली ठेवून दांडीला धरून पुढे वाकले. बिबट्या चारीत उतरला, लपलप पाणी प्यायला आणि मागे बघून घशातल्या घशात काहीतरी बोलला. तर उसातून धडपडत एक पिल्लू बाहेर आलं. बोक्याएवढं. बांधावरून घसरलं, पुन्हा चढलं आणि आईच्या पायात जाऊन घुसलं.

"आई ग," सरपंच श्वासातच म्हणाले. "ही तर बाळंतीण हाय."

तेव्हा खरं तर फोटोची गरज उरली नव्हती. ज्याने बघायचं त्याने बघितलं होतं. पण एवढी थंडी खाल्ल्यावर मी सोडते होय! कॅमेरा थोडा मागे घेतला, सरपंचांची पांढरी टोपी खालच्या कोपऱ्यात येऊ दिली आणि तिच्या वर, बांधावर, दोघं मायलेकरं. खटका दाबला. ती टोपी मी कापून डकवली असं म्हणायची आता गावात कुणाची छाती नव्हती.

पुढे तो फोटो एका दैनिकात छापून आला आणि खाली छायाचित्रकार म्हणून नाव आलं आमच्या ह्यांचं. हे बिचारे चार दिवस मला तोंड दाखवायला घाबरत होते. सरपंचांनी टोळीला ऊस एका अंगाने तोडायला लावला आणि शेवटच्या तुकड्याला दोन दिवस हात लावू दिला नाही. मायलेकरं कधी निघून गेली ते कुणाला दिसलं नाही. पण हे सगळं नंतरचं.

त्या सकाळी सरपंच गाडीतून उतरले ते थेट वस्तीकडे निघाले. मी म्हटलं, आधी चहा घ्या, तर हातानेच नको म्हणाले. वाटेत टमरेलवाले भेटले, दूधवाले भेटले, त्यांना ते चालता चालताच सांगत होते, "हाय. हाय. पिल्लू हाय तिला." मामाच्या दाराशी पोहोचेपर्यंत मागे निम्मं गाव जमा झालं होतं. मामा ओट्यावर बसून दोर वळत होता. सरपंचांनी शब्द पाळला, हे मान्य करायला हवं. दोन्ही टोप्या काढल्या आणि थंडीत उघड्या डोक्याने हात जोडले.

"चुकलं माझं," ते म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "वाघरू हाय. मी डोळ्यानं पाह्यलं. तू खरा व्हतास. उद्यापासून शेळ्या घेऊन जा."

मागून कुणीतरी म्हणालं, "चला, मिटलं." मामीने डोळ्यांना पदर लावला. माझी तर छाती फुगली होती, खोटं कशाला सांगू. एवढ्या पहाटा, एवढी थंडी, ओट्यावरचा तो हशा, सगळं वसूल झालं असं वाटत होतं. मला वाटलं, आता मामा हसेल, नाहीतर रडेल तरी.

मामाने दोर बाजूला ठेवला. "शेळ्यांचं मग बोलू," तो म्हणाला. "सरपंच, एक सांगा. आज ते दिसलं म्हणून मी खरा. नसतं दिसलं तर?"

सरपंचांनी मागे लोकांकडे पाहिलं, लोकांनी जमिनीकडे पाहिलं. मला राहवेना.

"नसतं दिसलं तर मी उद्या बसले असते, मामा," मीच म्हणाले. "परवा बसले असते. हा ऊस तुटला असता तर दुसऱ्या उसात जाऊन बसले असते. दिसेपर्यंत बसले असते."

मामाने माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याची नजर सरळ होती.

"ते ठाऊक हाय मला, पोरी," तो म्हणाला. "तुला नाय इचारलं. यांना इचारलं."

मग मीही सगळ्यांबरोबर सरपंचांच्या तोंडाकडे बघत उभी राहिले.